आपांचा तिसरा गुरुवार

वरची खोली बघायला परवा एक नवरा-बायको आले होते. बाईंनी दाराच्या चौकटीवर ठोकलेल्या सहा जाड खिळ्यांकडे बोट दाखवून विचारलं, "हे कशाला?" मी म्हटलं, "चादरी टांगायला." दोघांनी एकमेकांकडे बघितलं. दारावर चादरी टांगणारा घरमालक डोक्यानं कसा असेल, याचा अंदाज त्यांनी तिथंच बांधला असणार, कारण 'कळवतो' म्हणून जे गेले ते गेलेच. मला काही वाईट वाटलं नाही. खरं सांगायचं तर ती खोली कुणाला द्यायची मला घाईच नाही. आठ महिने रिकामी आहे आणि अजून आठवड्याला कुणीतरी जिना चढून येतं नि विचारतं, "आपा आहेत का?"

आपा म्हणजे जमीला आपा. सात वर्षं त्या खोलीत त्या पोरांशी बोलायच्या. तेरा ते एकोणीस वयाची पोरं. शाळेत जाईनाशी झालेली, जेवण सोडलेली, दिवसभर भिंतीकडे तोंड करून पडून राहणारी. त्याला डिप्रेशन म्हणतात हे मला आता कळतं. तेव्हा मीही इतरांसारखाच म्हणायचो, "कामाला लावा, आपोआप उतरेल." मी टेलिफोन खात्यातला लाइनमन. तेहेतीस वर्षं खांबावर चढलो, केबल जोडल्या. लाइन बिघडली की कुठंतरी जोड सुटलेला असतो, तो शोधायचा नि आवळायचा, एवढंच मला माहीत. माणसांचंही तसंच असेल अशी माझी समजूत होती.

खोली बघायला आपा पहिल्यांदा आल्या तेव्हा त्यांनी ना नळ बघितला ना पंखा. मला म्हणाल्या, "कोळीसाहेब, तुम्ही जिन्यात उभे राहा." आणि आत जाऊन दार लावून घेतलं. मी आपला जिन्यात उभा. दोन मिनिटांनी बाहेर येऊन विचारतात, "काय ऐकलंत?"

मी प्रामाणिक माणूस. म्हटलं, "लग्नात तुमच्या मालकांनी भावाची शेरवानी घातली होती, आणि ती बघून तुम्हाला हसू आवरेना."

"सगळं ऐकू आलं की. मग ही खोली नको." पिशवी उचलली आणि निघाल्या.

माझ्या घराला कुणी नावं ठेवलेली मला चालत नाहीत. मी म्हटलं थांबा, आणि घरातल्या होत्या-नव्हत्या त्या सोलापुरी चादरी काढल्या. दाराला एक टांगली, पुन्हा जिन्यात उभा राहिलो. दोन टांगल्या. शेवटी आतून दोन, बाहेरून दोन, असं चार चादरींवर काम आलं. शिवाय वाट बघणाऱ्यांचं बाकडं मला जिन्याच्या खालच्या वळणावर न्यावं लागलं. पाचव्या खेपेला मला आतून नुसती कुजबूज ऐकू आली. आपा बाहेर आल्या तेव्हा मी विचारलं, "आता काय म्हणालात?"

"ऐकू आलं नाही ना? मग झालं," म्हणाल्या, आणि तेव्हाच खोली पक्की केली. त्या वेळी काय म्हणाल्या होत्या ते मी पुढं तीन-चारदा विचारलं. नाहीच सांगितलं.

दिसायला आपा कुणाच्या लक्षात राहतील अशा नव्हत्या. बुटक्या, जाड भिंगाचा चष्मा, ओढणीचं एक टोक कायम खांद्यावरून घसरलेलं. आधी उर्दू शाळेत मुलींना शिकवायच्या, मग चाळिशीत पुन्हा कॉलेजात जाऊन मानसशास्त्र शिकल्या, हे मला कळलं तेही दुसऱ्यांकडून. स्वतःबद्दल बोलायचा त्यांना कंटाळा. दुसऱ्याचं ऐकायचा मात्र दम मोठा. सोलापूरच्या उन्हात, एप्रिलमध्ये, पत्र्याखालच्या त्या खोलीत ही बाई ओळीनं चार-चार पोरांचं ऐकून खाली यायची आणि मला म्हणायची, "साहेब, जरा चहा टाका आणि दहा मिनिटं माझ्याशी बोलू नका." आमचं बोलणं असं फार प्रेमाचं.

पोराला त्या 'कसा आहेस' असं कधी विचारायच्या नाहीत. मला म्हणायच्या, "कसा आहेस विचारलं की पोर बरा आहे म्हणतं. झालं, विषय संपला. त्यापेक्षा काल ताट कुणी वाढलं ते विचारा. त्यात सगळं घर येतं." समोरासमोर खुर्च्या मांडायच्या नाहीत. दोन्ही खुर्च्या खिडकीकडं तोंड करून, आणि मधे भुईमुगाच्या शेंगांची टोपली. पोरानं नि आपांनी बसून शेंगा फोडायच्या. खालच्या गल्लीत एक बाई शेंगाचटणी करून विकतात, दाणे त्यांना जायचे. मी एकदा म्हटलं, "हे काय, पोरं उपचाराला येतात का मजुरीला?" तर म्हणाल्या, "हाताला काम असलं की तोंड मोकळं होतं. आणि खोटं काम दिलं तर पोरांना लगेच कळतं. या दाण्यांची चटणी होते, लोक ती भाकरीबरोबर खातात. ज्याला आपण कुणाच्या उपयोगाचे नाही असं वाटतंय, त्याला एवढं तरी कळू दे."

अकरावीतला एक मुलगा आला होता. तीन खेपा एक अक्षर बोलला नाही. आपाही बोलल्या नाहीत. तीन तास दोघांनी नुसत्या शेंगा फोडल्या. त्याचे वडील माझ्यापाशी बाकड्यावर बसून कुरकुरायचे, की अहो हे असलं तर आमच्या घरी पण झालं असतं. मला आतून ते पटत होतं, पण भाडेकरूची बाजू घ्यायची म्हणून गप्प बसलो. चौथ्या खेपेला तो मुलगा म्हणाला, "यातल्या निम्म्या शेंगा पोचट आहेत." आपा म्हणाल्या, "हो रे, मलाही फसवलं बाजारात." तिथून जो बोलायला लागला, तो मग वर्षभर बोलत होता. हे आपांनी नाही सांगितलं हं. त्या पोरानंच बरा झाल्यावर मला सांगितलं, हसत हसत.

आईबापांशी मात्र आपा कडक. एक आई पोरीला घेऊन खाली उतरली नि लगेच उलट वर गेली, "काय बोलली ती?" मी बाकड्यावरच होतो. आपा दारात उभ्या राहून म्हणाल्या, "बोलली, एवढं पुरे. तिच्या जिवाला धोका आहे असं मला वाटलं तर त्याच मिनिटाला तुम्हाला फोन करीन, हे तिलाही माहीत आहे. बाकीचं तिचं." आणि चादर सोडली. गोळ्यांचे डॉक्टर वेगळे होते. ज्या पोराला गरज, त्याला आपा स्वतः चिठ्ठी देऊन त्यांच्याकडे पाठवायच्या. कुणी म्हटलं, "गोळ्या नकोत, तुम्हीच बोलून बरं करा," तर म्हणायच्या, "मी काही जादू करत नाही बाबा."

लॉकडाऊनमध्ये हे सगळं फोनवर गेलं, आणि तिथं माझा भाव वधारला. आपांना फोन धरता यायचा नाही. स्टीलच्या डब्याला टेकवून ठेवायच्या, पलीकडच्या पोराला नुसता कपाळाचा तुकडा आणि वर फिरणारा पंखा दिसायचा. मी चांगला स्टँड आणून दिला. आठ दिवसांनी बघतो तर स्टँड कपाटात आणि फोन परत डब्याला. मी चिडलो. आपा म्हणाल्या, "माझं अर्धं तोंड दिसतं म्हणून पोरं मला सांगतात, आपा फोन खाली घ्या, आपा वर घ्या. घरात दिवसभर सगळे त्यांना हुकूम सोडतात. आठवड्यातनं एकदा त्यांनी मला सोडला तर काय बिघडलं?" मी कपाट लावून टाकलं.

लॉकडाऊन उठल्यावर मला वाटलं, संपलं हे फोनचं. पण आपांनी दोन्ही ठेवलं. नियम असा, की पहिली भेट खोलीतच. मग दोन आठवडे फोनवर, तिसऱ्या आठवड्याला पुन्हा खोलीत. करमाळा, मंगळवेढा, अक्कलकोट इकडची पोरं दर आठवड्याला कशी येणार? आणि गावातल्या पोरांनाही आमचा जिना चढताना कुणी बघेल याची लाज. फोन म्हणजे सोय, हे मला पटत होतं. मग तिसऱ्या आठवड्याची ही दगदग कशाला, असा माझा सवाल. लाइन चांगली असेल तर माणूस सोलापुरात काय नि होटगीत काय, सारखंच.

आपा म्हणायच्या, "साहेब, फोनवर मला घर दिसतं. खोलीत मला पोर दिसतं. मला दोन्ही लागतं." मी मनात म्हणायचो, म्हातारीला फोनची भीती, दुसरं काय. मोठा शहाणा मी.

आता आरतीचं सांगतो. हे तिचं खरं नाव नाही. तिला विचारून लिहितोय. तिनं अट घातली, नाव बदला आणि गाव सांगू नका. मंगळवेढ्याच्या बाजूचं गाव, एवढं चालेल म्हणाली. तेव्हा ती अकरावीत होती. वडिलांचं किराणा दुकान, मागं घर, पलीकडं ज्वारीचं रान. पोरगी हुशार, पण पावसाळ्यापासून तिनं कॉलेज सोडलं होतं. पहिल्या भेटीनंतर आपांनी आईवडिलांना वर बोलावलं आणि बराच वेळ दार बंद होतं. उतरताना वडील कठड्याला धरून उतरत होते. पुढं मला कळलं, पोरगी म्हणाली होती की सकाळी जाग येऊच नये असं वाटतं. आपांनी त्यांना गोळ्यांच्या डॉक्टरांकडे पाठवलं आणि बजावलं, "सध्या तिला एकटी सोडायची नाही." वडिलांनी खाली येऊन माझ्याकडून कागद मागून ते वाक्य लिहून घेतलं होतं.

तिचा वार गुरुवार. फोनवरच्या गुरुवारी मी कॉल लावून द्यायचो, चित्र-आवाज बघायचो आणि चादर सोडून खाली यायचो. आरती रानातल्या पाण्याच्या टाकीला टेकून बसायची. आई जरा लांब खुरपत असायची. रेंज एक काडी. चित्र थिजायचं, आवाज कापला जायचा. एका तासात पाचदा कॉल तुटायचा आणि पाचदा मला वर जाऊन लावून द्यावा लागायचा. आपांची तक्रार काही नव्हती. मलाच ते बघवेना. तेहेतीस वर्षं लाइनीतली खरखर काढायचा पगार खाल्लेला माणूस मी, आणि माझ्या घरातून असली लाइन? चार महिने सहन केलं. मग जानेवारीत एक दिवस, आपांना न विचारता, मी आरतीच्या वडिलांना फोन लावला.

"दुकानात वायफाय आहे का?"

"हाय की. गेल्या म्हैन्यात घेतलंय. लई जोरात चालतंय."

"मग पोरीला रानात कशाला बसवता? दुकानातच बसवा की."

"व्हय व्हय. म्हंजे माझ्या नजरेसमोर बी ऱ्हाईल."

पुढचा गुरुवार आला. काय सांगू तुम्हाला, आरशासारखं चित्र. आरतीच्या मागं बिस्किटाचे पुडे, शाम्पूच्या पुड्यांच्या माळा, पुड्यांवरची अक्षरंसुद्धा वाचता यावीत. एकदाही कॉल तुटला नाही. आपा खाली आल्या त्या कपाळाला आठ्या घालून. मी विचारलं, "कशी होती लाइन?" म्हणाल्या, "साफ होती." मी खूश. त्याच्या पुढच्या गुरुवारी परत तेच. वर कॉल लावताना पोरगी माझ्याकडे बघून हसलीसुद्धा. मी घरी बायकोला सांगितलं, पोरगी सुधारली बघ, आणि त्यात थोडा माझा पण हात आहे.

तिसरा गुरुवार खोलीतला. आदल्या दिवशी वडिलांचा फोन आला. "साहेब, उद्या न्हाय जमत. ज्वारी काढाय घेतलीया. आन् आरतीला लई फरक हाय, हसती बोलती की. तुमचं ते फोनवरलंच बेस चाललंय. तसंच करूया का?" मी म्हटलं, करूया की. पोरांच्या वेळांची वही माझ्याकडेच असायची, तीत तिच्या नावापुढं 'फोनवर' असं लिहून टाकलं.

गुरुवारी सकाळी आपा लवकर आल्या. त्या पोरीसाठी त्यांनी चांगल्या भरदार शेंगा निवडून आणल्या होत्या. बाकड्यावर कुणी नाही बघून म्हणाल्या, "आरतीची गाडी आली नाही अजून?"

मी म्हटलं, "ती येणार नाही. फोनवर घ्यायचं ठरलंय. अहो, लाइन एवढी चांगली आहे तर कशाला त्यांना हेलपाटा?"

"कुणी ठरवलं?"

"मी."

"आणि दुकानात बसायचं कुणी ठरवलं?"

तेव्हासुद्धा मला वाटलं, आता शाबासकी मिळणार. मी सगळं सविस्तर सांगितलं. वायफाय, नजरेसमोर राहणं, सगळं.

आपा ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या जिन्याच्या पायरीवर बसल्या. म्हणाल्या, "साहेब, दोन आठवडे मी तिला विचारतेय, जवळ कुणी आहे का. ती म्हणते, नाही. आणि प्रत्येक उत्तराच्या आधी फोनच्या वर बघते. तिच्या वडिलांना फोन करून विचारलं, तर म्हणाले दुकानात त्या वेळी कुणी नसतं. स्वतःला त्यांनी धरलंच नाही. ती दोन आठवडे गिऱ्हाइकांशी बोलावं तसं माझ्याशी बोलतेय. हसतेय. जे विचारायचं ते मी विचारू शकले नाही. आज खोलीत विचारणार होते. तिसरा गुरुवार त्यासाठीच असतो."

मी वहीतलं 'फोनवर' खोडलं. एवढ्या वर्षांत खांबावरून दोनदा पडलो, तेव्हाही एवढा घाबरलो नव्हतो.

आपांनी तिथंच बसून आरतीच्या आईच्या मोबाइलवर फोन लावला. "ताई, काम बाजूला ठेवा आणि तिच्यापाशी जाऊन बसा. मी येईपर्यंत उठू नका. काही विचारू नका, नुसत्या बसा." मग दुसरा फोन गोळ्यांच्या डॉक्टरांना. मग उठल्या नि म्हणाल्या, "मंगळवेढ्याची गाडी किती वाजता आहे?" मी म्हटलं, "मीही येतो." त्या नको म्हणतील असं वाटलं होतं. म्हणाल्या नाहीत.

एसटीत दीड तास आम्ही शेजारी बसलो. मी मनात नुसता हिशेब मांडत होतो, की बुधवारी मी 'नाही, आलंच पाहिजे' एवढं म्हटलं असतं तर काय बिघडलं असतं. मंगळवेढ्याला उतरून वडापची जीप धरली. जीपवाला माणसं भरायला थांबला, तेव्हा आपांनी त्याला असं काही झापलं, की अर्ध्या रिकाम्या जीपनं आम्ही निघालो.

दुकानात आरती साखर तोलत होती. आई तिच्या बाजूला पोत्यावर बसलेली. पोरीला उभी बघून माझ्या जिवात जीव आला. वडील गडबडून बाहेर आले. "आवो मॅडम, तुमी कशाला तरास घेतला? आमी पुढल्या आठवड्यात आलोच असतो की."

आपांनी त्यांना नमस्कार केला आणि आरतीला म्हणाल्या, "बेटा, तुझी ती टाकी मला फोनवर नीट दिसलीच नाही कधी. दाखवतेस?"

आरतीनं वडिलांकडे बघितलं. मग तराजू खाली ठेवला. दोघी घराच्या मागनं रानात गेल्या. त्या बाजूची ज्वारी काढून झाली होती, मोकळं काळं रान, त्यात टाकी आणि तिच्या सावलीत त्या दोघी. लांबून मला आपांची ओढणी दिसत होती, बाकी काही नाही.

मी दुकानात बसलो. आरतीचे वडील माझ्या शेजारी. मी त्यांना सांगणार होतो, की तुम्ही तिथं बसायला नको होतं. पण त्यांनीच खिशातून घडी घालून घालून मऊ झालेला कागद काढला. म्हणाले, "साहेब, हितं लिवलंय बगा. एकटी सोडायची न्हाय. म्हनून मी दुकानातनं हललो न्हाय. गिऱ्हाईक आलं तरी तितनंच हात लांब करून माल द्यायचो. ती बोलत आसली की मी तिच्याम्होरं दोन फुटांवर. माझं काय चुकलं?"

मी म्हटलं, "तुमचं नाही, माझं चुकलं." ते म्हणाले, "तुमचं कसं?" मी सांगितलं कसं ते. त्यांनी ऐकून घेतलं, आणि मग पंच्यात तोंड घालून रडले. मीही रडलो. मधे एक बाई पोह्याचा पुडा घ्यायला आली, ती आम्हा दोघांकडे बघून तशीच मागं गेली.

दोन तासांनी त्या परत आल्या. आरतीचे डोळे सुजलेले होते, पण ती आपांच्या जोडीनं चालत होती, मागं नाही. आपा आईवडिलांशी घरात बसून बोलल्या, आरतीही तिथंच होती. काय बोलणं झालं ते मला माहीत नाही. ठरलं असं, की आई आणि आरती आत्ताच आमच्याबरोबर सोलापूरला येणार, डॉक्टर थांबलेत. निघताना वडिलांनी आपांना विचारलं, "मॅडम, एकटी सोडायची न्हाय, आन् जवळ बी बसायचं न्हाय. मग बापानं बसायचं तरी कुटं?"

आपा म्हणाल्या, "दिसेल इतकं जवळ. ऐकू येणार नाही इतकं लांब."

ते घरात गेले नाहीत. सरळ रानात गेले, आरतीला टाकीपाशी उभं केलं. टाकीपासून पावलं मोजत निघाले आणि एका जागी थांबून मोठ्यानं ओरडले, "आरते, हितनं ऐकू येईल का?" आरती म्हणाली, "येईल, दादा." मग आणखी मागं सरकले. पुन्हा विचारलं. असं तीनदा. चौथ्यांदा तिनं 'नाही' म्हणून नुसता हात हलवला. तिथं त्यांनी एक दगड उचलून ठेवला.

परतीच्या गाडीत मी आरतीला म्हटलं, "पोरी, दुकानात बसवायचं माझ्या डोक्यातनं निघालं. चूक माझी." ती खिडकीतनं बाहेर बघत म्हणाली, "काका, दादा एवढे जवळ बसायचे ना, की मला वाटायचं, खरं बोलले तर ते तिथंच कोसळतील. म्हणून हसायचे." सोलापूर आल्यावर आपा मला बाजूला घेऊन दोनच शब्द म्हणाल्या, "वेळेत गेलो." त्याच्याविषयी त्या पुन्हा कधी बोलल्या नाहीत. माझ्या चुकीविषयीही नाही. दुसऱ्या दिवशी चहा मागितला आणि दहा मिनिटं बोलू नका म्हणाल्या, नेहमीसारखं. त्या दिवशी त्या वाक्याचा मला केवढा आधार वाटला म्हणून सांगू.

त्यानंतर आरती परत टाकीपाशी बसायला लागली. एक काडी रेंज. चित्र थिजायचं, कॉल तुटायचा, मी वर जाऊन लावायचो आणि तोंडातनं अक्षर काढायचो नाही. तिसऱ्या गुरुवारी मात्र गाडी चुकली तर मी स्वतः फोन करून दुसरी गाडी सांगायचो. हे सगळं एका महिन्यात नीट झालं, असं कुणी समजू नका. तिचं एक वर्ष गेलं. गोळ्या दोनदा बदलल्या. मधे एकदा ती सहा आठवडे परत भिंतीकडे तोंड करून पडली, तेव्हा आपा दर आठवड्याला तिला खोलीतच बोलवायच्या. पण नंतर ती परीक्षेला बसली. मग सोलापुरात कॉलेजला आली, मुलींच्या वसतिगृहात राहिली. गुरुवार कमी होत होत बंद झाले. शेवटच्या भेटीला जिन्यावरून उतरताना मला म्हणाली, "काका, आता मी इथं आले नाही तर काळजी करायची नाही."

आपा गेल्या वर्षी करमाळ्याला गेल्या. थोरली बहीण तिथं एकटी, अंथरुणाला खिळलेली. मी म्हटलं, "पोरांचं काय?" म्हणाल्या, "माझ्या हाताखाली शिकलेल्या दोघी आहेत. त्या माझ्यापेक्षा बऱ्या फोन धरतात." सामान असं काही नव्हतंच. मी त्यांना एसटी स्टँडवर सोडायला गेलो. कुणाला कळवू नका म्हणाल्या होत्या, आणि मी कधी नव्हे ते त्यांचं ऐकलं होतं. तरी आरतीला कुठून कळलं कोण जाणे, ती धापा टाकत फलाटावर आली. आपा खिडकीत बसलेल्या, गाडी सुरू झालेली, इंजिनाचा नुसता धडधडाट. आरती खिडकीखाली उभी राहून बोलायला लागली. वसतिगृहाच्या मेसमधली भाजी कशी असते, खोलीतली मुलगी कशी घोरते, दादांनी परवा फोनवर तिच्याशी भांडण कसं केलं आणि मग स्वतःच परत कसा फोन केला. चढणारे-उतरणारे तिला धक्के देत होते, दोन बायका थांबून ऐकत होत्या, एक चहावाला तिच्याकडे बघून हसत होता. तिला कशाची शुद्ध नव्हती. टाचा उंचावून, गळ्याच्या शिरा ताणून बोलत होती. आपांना यातलं एक अक्षर ऐकू जात नसणार, माझ्यापर्यंतच तुटक तुटक येत होतं. आपांनी चष्मा काढून ओढणीनं डोळे पुसले आणि गाडी मागं घेत होते तोवर तिच्याकडे बघून मान हलवत राहिल्या. आरती गाडीबरोबर चालत चालत फाटकापर्यंत गेली, बोलतच. सगळा स्टँड ऐकत होता.